सहलीत येणारा हुरूप घरी का टिकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सहलीला गेले की मला सगळं सुचतं. फोटो काढते, वहीत लिहिते, परतल्यावर भरतकाम पुन्हा हातात घ्यायचं ठरवते. घरी आल्यावर आठ दिवसांत सगळं विरून जातं. नोकरी आहे, चार वर्षांची मुलगी आहे, सासरे आता फारसे बाहेर पडत नाहीत, दिवसभर खिडकीपाशी बसून असतात. सकाळी दहा मिनिटं प्रार्थनेला बसते, पण मन तिथे नसतं. काही लोकांना रोज काहीतरी सुचत असतं, ते कुठून येतं? माझ्यात ते नाहीच का?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. तुमच्यात ते आहे. नसतं तर सहलीतही सुचलं नसतं. माणूस तोच, डोळे तेच, हात तेच. बदलते ती जागा. तेव्हा शोधायचं एवढंच, की त्या जागेत असं काय असतं जे घरी आल्यावर हरवतं.

सव्वीस वर्षं मी फोटो काढते आहे आणि त्यातली जवळजवळ वीस वर्षं मोठ्या माणसांना भरतकाम आणि जुने कपडे दुरुस्त करायला शिकवते. वर्गाला येणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी तुमच्यासारखंच काहीतरी सांगतात. सुरुवातीची काही वर्षं मी त्यांना नवनव्या कल्पना द्यायचे. हे करून बघा, तो रंग वापरा, तिकडे जाऊन या. महिनाभर उत्साह असायचा, मग सगळं थंड. हळूहळू लक्षात आलं की नव्या गोष्टींची त्यांच्याकडे वाण नव्हतीच. एकाच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जायची सवय तेवढी नव्हती. माझं सगळं उत्तर त्या "पुन्हा"भोवती फिरणार आहे.

सहलीत नेमकं काय घडतं ते आधी बघू. अनोळखी जागी डोळे आपोआप जागे असतात. रस्ता कुठे वळतो, दाराची कडी कुठल्या बाजूला आहे, नळ कसा उघडतो, सगळं बघूनच करावं लागतं. घरी हे काम सवय करते. अंधारातही हात बरोबर बटणावर जातो. या सवयीला नावं ठेवायचं कारण नाही, तिच्यावाचून सकाळी वेळेवर घराबाहेर पडणं कुणाला जमणार नाही. पण रोज समोर असलेली वस्तू ती दिसेनाशी करते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते इथे अगदी शब्दशः लागू पडतं.

आणि फोटो काढला म्हणजे बघितलं, असं नसतं. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या बघायच्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. जणू कॅमेऱ्याकडे सोपवलं म्हणून मनाने सोडून दिलं. पण याच प्रयोगात पुढची गोष्ट आहे, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. ज्या वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला होता, तिची आठवण तशी घसरली नाही. त्या भागाचीच नाही, बाकीच्या वस्तूचीही. कुठे झूम करायचं हे ठरवायला आधी नीट बघावं लागतं, आणि ते बघणंच मनात राहतं.

म्हणून पुढच्या सहलीत एवढं करून बघा. एक जागा निवडा, प्रसिद्ध असायला हवी असं काही नाही, आणि तिथे सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा जा. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतच ठेवा. तिसऱ्या खेपेला जे दिसेल ते पहिल्या खेपेला दिसलेल्यापेक्षा निराळं असेल. ही सवय घरी आणता येते. बाकी सहलीतून आणलेलं सामान कपाटात जातं.

आता फोटोग्राफी. या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण घरात राहून बघायला शिकवणारं याइतकं सोपं साधन मला दुसरं माहीत नाही.

कॅमेऱ्याने टिपलेलं आणि आज टिकून असलेलं जगातलं सर्वांत जुनं छायाचित्र कशाचं आहे? घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचं. १८२६-२७च्या सुमारास फ्रान्समधल्या सँ-लू-द-व्हारेन या गावी निसेफोर न्येप्सने डांबरासारखं द्रव्य लावलेल्या धातूच्या पत्र्यावर ते घेतलं. प्रकाश उमटायला किमान आठ तास लागले असावेत असं मानतात, म्हणून त्यात इमारतींच्या दोन्ही बाजूंवर ऊन पडलेलं दिसतं. सकाळचं आणि दुपारनंतरचं ऊन एकाच चित्रात. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे चित्र पहिल्या दिवशी दाखवते. या कलेची सुरुवातच मुळी रोजच्या खिडकीपासून झाली आहे.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं आहे. प्रागचा योसेफ सुदेक. मूळचा पुस्तकबांधणी करणारा कारागीर. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला आणि बांधणीचं काम सुटलं. मग त्याने कॅमेरा धरला, तोही जड लाकडी, तिकाटण्यावर ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना बाहेर फिरून फोटो काढणं अवघड झालं, तेव्हा तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीकडे वळला. १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षं तो त्याच खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवर साचलेली वाफ, बाहेरचं वाकडं झाड, कठड्यावर ठेवलेला पाण्याचा पेला. एवढंच सामान, पण एक चित्र दुसऱ्यासारखं नाही. एक हात गेलेला आणि बाहेर फिरून फोटो काढणं अवघड झालेला माणूस जर एका खिडकीत चौदा वर्षं रमू शकतो, तर आपल्या घरातली खिडकी आपल्याला कमी का पडावी?

तुमच्या घरात एक खिडकी निवडा. सासरे बसतात तीच घ्या, त्याचं कारण शेवटी सांगते. पहिला आठवडा फोटो काढू नका, फक्त नोंद ठेवा: किती वाजता ऊन आत येतं, जमिनीवर कुठपर्यंत पोचतं, कधी भिंतीवर चढतं, ढग आले की खोलीचा रंग कसा होतो. चार दिवसांत तुम्हाला घड्याळ न बघता वेळ सांगता येईल.

मग फोन घ्या. आधी त्याची लेन्स मऊ कापडाने पुसा. फोटो धुरकट येतात म्हणून नवा फोन घेणारे मी पाहिलेत, आणि दोष होता तो बोटांच्या डागांचा. खोलीतला दिवा बंद करा. पिवळ्या दिव्याचा आणि दिवसाच्या उजेडाचा रंग वेगळा असतो. दोन्ही एकत्र आले की चेहरा एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने निळसर दिसतो. माणसाला खिडकीच्या अगदी समोर उभं करू नका, खिडकी त्याच्या एका बाजूला येईल असं बसवा, आणि चेहरा किंचित उजेडाकडे वळवा. खिडकीपासून आत जाल तसा उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून फोटो अंधारा वाटला तर फोनमधल्या सेटिंगशी झगडण्याआधी खुर्ची दोन हात पुढे ओढा. सावलीची बाजू फारच काळी पडत असेल तर तिकडे एक पांढरा टॉवेल धरा. शेवटचं म्हणजे स्क्रीनवर चेहऱ्यातल्या उजळ भागावर बोट दाबून धरा, उजेडाचं माप तिथे पक्कं होतं, मग बोट खाली सरकवून जरा गडद करा. बहुतेक फोनवर हे जमतं. माझ्या मते घरातल्या नव्वद टक्के फोटोंना याहून जास्त तंत्र लागत नाही.

माझी स्वतःची शाळा आईच्या सुईत झाली. सत्तरीनंतर तिला सुईत दोरा ओवायला खिडकीशी जावं लागायचं. दोऱ्याचं टोक तिरपं कापायची, बोटांत चपटं करायची, सुई पांढऱ्या कपड्यासमोर धरायची म्हणजे नेढं दिसतं, आणि मग दोरा स्थिर धरून सुई त्याच्याकडे आणायची. दोऱ्याकडे सुई, सुईकडे दोरा नाही. हे दृश्य मी दोन-तीन वर्षांत किती वेळा टिपलं असेल कोण जाणे. सुरुवातीचे सगळे फोटो सुईचे आहेत. बोटं, नेढं, दोरा. छान आहेत, पण कुणाच्याही आईचे वाटावेत असे. बऱ्याच खेपांनंतर एकदा मला दिसलं की ओवताना ती श्वास रोखून धरते आणि दोरा पलीकडे गेला की तिचे खांदे खाली येतात. अगदी किंचित, बोटभर. त्यानंतर मी सुई सोडून दिली आणि खांदे खाली येण्याची वाट बघू लागले. त्यातला एक फोटो आज माझ्या कामाच्या टेबलासमोर आहे. तो बघणाऱ्या अनोळखी माणसालाही हायसं वाटतं. पहिल्या दिवशी तो फोटो मला मिळालाच नसता, कारण खांद्यांकडे बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

रोजचं सुचणं म्हणतात ते हेच असतं. वरून काही पडत नाही. एखादी गोष्ट तिसाव्यांदा बघताना तिचा एक नवा कोपरा दिसतो, आणि तो दिसला की हात शिवशिवायला लागतात.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१च्या हंगामात गव्हाच्या गंज्यांची सुमारे पंचवीस चित्रं रंगवली. त्या गंज्या त्याच्या घराजवळच्या शेतात होत्या. ऊन बदललं की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून तो त्या उजेडाचा दुसरा पुढे घ्यायचा. सगळी चित्रं गंज्यांचीच, पण त्याच्यासाठी प्रत्येक वेळी विषय नवा होता, कारण तो उजेड रंगवत होता. तुमच्या खिडकीतही हाच विषय रोज येऊन बसतो.

कुटुंबाबद्दल. घरातली माणसं हा सर्वांत कठीण विषय आहे, कारण त्यांना आपण ओळखतो अशी आपली खात्री असते. अमेरिकेतले छायाचित्रकार निकोलस निक्सन यांनी १९७५ साली आपली पत्नी आणि तिच्या तीन बहिणी यांचा एक कृष्णधवल फोटो काढला, आणि मग दरवर्षी एक असे चाळीसहून अधिक वर्षं काढले. चौघी दर वेळी त्याच क्रमाने उभ्या. प्रसंग नाही, सजावट नाही. एकेक फोटो साधाच आहे, पण ओळीने बघताना घशात आवंढा येतो. कोण कुणाच्या खांद्यावर कधी हात ठेवते, कोण थोडी दूर सरकते, हे वर्षांच्या मापानेच कळतं. तुम्ही आजपासून वर्षाला एक फोटो ठरवलात, त्याच भिंतीसमोर, त्याच क्रमाने, तर मुलगी चौदा वर्षांची होईल तेव्हा तुमच्याकडे अकरा फोटो असतील. त्याला वेळ लागतो वर्षाकाठी पाच मिनिटं.

मुलीच्या हातात महिन्यातून एकदा फोन द्या आणि घरातल्या तिच्या आवडत्या दहा गोष्टी टिपायला सांगा. सूचना देऊ नका. तिचा कॅमेरा तुमच्या कमरेच्या उंचीवर असतो. टेबलाची खालची बाजू, तुमची पावलं, कडीच्या खालचा रंग उडालेला दरवाजा, असं घर तुम्ही कधी पाहिलेलंच नसेल. एक पथ्य मात्र पाळा: मुलांचे आणि वडीलधाऱ्यांचे फोटो बाहेर कुणाला दाखवण्यापूर्वी त्यांना विचारा. चार वर्षांच्या मुलीलाही. तिने नको म्हटलं तर नको.

ज्येष्ठांकडून गोष्टी काढायच्या असतील तर "तुमच्या लहानपणाबद्दल सांगा ना" असं म्हणू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कुणीही "काय सांगायचं, गेले ते दिवस" असंच उत्तर देईल. वस्तू हातात द्या. जुनं घड्याळ, किल्ली, चष्म्याची डबी, एक फोटो. "हे कुठून आलं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. उत्तर संपलं असं वाटल्यावरही मनात पाचपर्यंत मोजा. खरी गोष्ट बऱ्याचदा त्या पाच अंकांत सुरू होते. त्यांची परवानगी असेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा. फोटो पुष्कळांकडे असतात, आवाज फार थोड्यांकडे उरतो. माझ्याकडे आईचे शेकडो फोटो आहेत आणि आवाज आहे तो सगळा मिळून चाळीस मिनिटांचा. ती चाळीस मिनिटं मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

जुने फोटो बाहेर काढलेतच तर मागे नावं लिहून टाका. जुन्या कागदी फोटोंवर मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. नंतरच्या काळातल्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटोंसाठी मिळणारं मार्कर पेन वापरा. आणि पानांनाच चिकट पट्टे असलेले अल्बम शक्य तितक्या लवकर रिकामे करा. तो चिकटा काळाने पिवळा पडतो आणि फोटो सोबत घेऊन जातो.

प्रार्थनेच्या वेळी मन तिथे नसतं, ही तुमची तक्रार सर्व धर्मांतल्या सर्व काळच्या भक्तांची आहे. तिचा पुरावा त्यांच्या हातात दिसतो. जपमाळेत १०८ मणी असतात, मुसलमानांच्या तसबीहमध्ये ९९ किंवा ३३, कॅथलिकांच्या रोझरीत दहा-दहा मण्यांचे पाच गट. इतक्या दूरदूरच्या लोकांनी दोऱ्यात मणी ओवून तेच साधन का घडवलं असेल? माझी समजूत अशी की मन भटकणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मन जातं तेव्हा बोटं मण्यावर असतात, पुढचा मणी आला की ती मनाला हाक मारतात. मन जाणं आणि परत येणं, दोन्ही मिळून प्रार्थना होते. दहा मिनिटांत वीस वेळा मन गेलं आणि वीस वेळा परत आलं, तर तुम्ही वीस वेळा प्रार्थना केलीत असं मी धरते. मला स्वतःला हे मान्य व्हायला बरीच वर्षं लागली, आणि तेव्हापासून मी प्रार्थनेतून खट्टू होऊन उठलेले नाही.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका ख्रिस्ती (कार्मेलाइट) मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक होता. अनेक वर्षं तो मठाच्या स्वयंपाकघरात राबला आणि उतारवयात चपला दुरुस्त करायचा. भांड्यांच्या खडखडाटात आणि चारी बाजूंनी हाका येत असताना देव तितकाच जवळ असतो, असा त्याचा अनुभव होता आणि लोक त्याच्याकडे सल्ल्याला येत. तुमच्या घरात शांत खोली नसेल तर या माणसाची आठवण ठेवा. रात्री झोपण्यापूर्वी एक काम जरूर करा, दिवस उलटा आठवा: आता, मग संध्याकाळ, मग दुपार, मग सकाळ. कुठे कृतज्ञ वाटलं, कुठे वाकडं बोललो. इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताने सोळाव्या शतकात आपल्या अनुयायांना रोज दिवसाची उजळणी करण्याची शिस्त घालून दिली होती. श्रद्धा नसलेल्या माणसालाही ही उजळणी उपयोगी पडते. माझे निम्मे फोटो त्यातून निघाले आहेत, कारण दिवसभरात डोळ्यांसमोरून गेलेलं आणि न बघितलेलं रात्री सापडतं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा जाता येतं.

भरतकामाकडे येते. तुम्ही परतल्यावर "सुरू करायचं" ठरवता आणि होत नाही. माझा अंदाज, आणि तो वर्गातल्या अनुभवावरून आहे, की तुम्ही मोठं काहीतरी ठरवत असणार. मोठा नमुना, नवं कापड, चोवीस रंगांचे धागे. सामान आणण्याचा आनंद खरा असतो, पण तो काम करण्याचा आनंद नव्हे, आणि पहिला मिळाला की दुसऱ्याची भूक मरते. वर्षभर एकही नवा धागा विकत घेऊ नका असं मी स्पष्टच सांगेन. घरात फाटलेलं काय आहे ते शोधा.

बंगालमधली कांथा जुन्या वस्त्रांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवली जाते, आणि त्यासाठी पूर्वी रंगीत दोरे जुन्या साड्यांच्या काठांतून ओढून काढत. जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसे, कापड मोलाचं होतं, तिथल्या शेतकरी आणि कोळी कुटुंबांनी ठिगळावर ठिगळ लावून त्याच धावदोऱ्याने कपडे पिढ्यान्‌पिढ्या टिकवले. आज ते संग्रहालयांत आहेत. दोन्हीकडे टाका एकच, भरतकामातला सर्वांत सोपा, पहिल्या दिवशी शिकवतात तो. सुई वर, सुई खाली.

मी वडिलांच्या स्वेटरचं कोपर रफू केलं तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे कामाची चव कळेल. भोक रुपयाएवढं होतं. कडेची सुटलेली लोकर मी कापली नाही, कापली की वीण आणखी उसवते. भोकाच्या आत एक गुळगुळीत लाकडी गोळा धरला, म्हणजे विणकाम ताणलं न जाता सपाट राहतं. भोकाच्या कडेपासून बोटभर बाहेर, जिथे वीण अजून घट्ट आहे, तिथून उभे धागे भरायला सुरुवात केली. प्रत्येक वळणावर दोरा ओढून घट्ट करायचा नाही, तांदळाच्या दाण्याएवढी सैल कडी सोडायची. नवी लोकर पहिल्या धुण्यात आटते. ती सैल कडी नसेल तर सगळी रफू गोळा होते. उभे धागे झाले की आडवे, एका धाग्याच्या वरून, पुढच्याच्या खालून, परतताना उलट. दर दोन ओळींनंतर सुईच्या टोकाने ओळी एकमेकींना भिडवायच्या. मला तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी ते भोक बुजलं आणि त्या जागी एक छोटंसं कापड माझ्या हातांनी तयार झालेलं होतं. स्वेटर करड्या रंगाचा, घरात सापडलेली लोकर गडद हिरवी. वडील ते हिरवं कोपर बाहेर येईल असा हात टेबलावर ठेवून बसायचे.

अशा कामात सुचत जातं. दुसऱ्या ओळीपर्यंत मन बाजारहाटाचा, उद्याच्या मीटिंगचा विचार करतं, आणि मग कुठेतरी ते वर-खाली त्याला धरून ठेवतं. माळेच्या मण्यांसारखंच. म्हणून तर मी या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही.

वेळेचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. लहान मूल, नोकरी आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात रोज तासभर मिळत नाही, आणि तो मिळवा असं सांगणाऱ्यांवर मला राग येतो. दहा मिनिटं घ्या. त्यांची जागा आणि वेळ पक्की ठेवा आणि रोज एकच काम करा, चारही नाही. एक महिना खिडकी, पुढचा महिना रफू. सुई-दोरा, कात्री आणि कापड एका डब्यात भरून हाताशी ठेवा. सामान शोधण्यात पाच मिनिटं गेली तर उरलेल्या पाचांत कुणी बसत नाही. दुसऱ्यांचं काम फोनवर बघायचं असेल तर त्या दहा मिनिटांनंतर बघा, आधी कधीच नाही. आधी बघितलं की आपली खिडकी लहान वाटायला लागते. आठवड्याच्या शेवटी सातांतला एकच फोटो ठेवा, महिन्याचे चार होतील, ते छापून आणा. कागदावर आलेला फोटो आपण पुन्हा बघतो, फोनमधला क्वचितच. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं करून भरून काढायला जाऊ नका. दहाच करा.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणारं सगळं फिकं वाटत असेल, तर तो हुरुपाचा प्रश्न नाही. डॉक्टरांना भेटा. सुई आणि कॅमेरा नंतरही तिथेच असतील.

आता सासऱ्यांची खिडकी. तुम्ही लिहिलंत की ते दिवसभर तिथे बसून असतात. ते वाक्य तुम्ही काळजीने लिहिलंय हे कळतं. पण जरा विचार करा, त्या खिडकीतलं ऊन कधी कुठे पोचतं, समोरच्या झाडावर कोण येतं, रस्त्यावरून रोज त्याच वेळी कोण जातं, हे त्या घरात सर्वांत जास्त कुणाला माहीत असेल? उद्या सकाळी प्रार्थनेनंतरची दहा मिनिटं त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. विचारा, "बाबा, आज काय काय दिसलं?" पहिल्या दिवशी ते कदाचित "काही नाही" म्हणतील. पाचपर्यंत मोजा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते बोटाने काहीतरी दाखवतील. ते बघा. कॅमेरा पहिले सात दिवस आतल्या खोलीतच राहू द्या, आणि आठव्या दिवशी बाहेर आणलात तर आधी त्यांना विचारा की यातलं काय टिपायचं.